तीन वर्षं मी नकाशाच काढतेय

पत्राचा गोषवारा: वय 31. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक म्हणून नोकरी. कॉलेजात असताना इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांचं वेड लागलं, तेव्हापासून स्वतःची एक लिहायची आहे. तीन वर्षांत एका काल्पनिक खंडाचा नकाशा 14 शीटवर काढून झाला, 1,200 वर्षांचा इतिहास झाला, जादूचे 22 नियम झाले, एक लिपीसुद्धा झाली. कादंबरी मात्र दीड प्रकरण, आणि त्यातलं पहिलं प्रकरण 11 वेळा लिहिलेलं. ‘मराठीत फँटसीची परंपराच नाही, मग प्रेरणा घ्यायची कुठून? इंग्रजीत लिहू का? नोकरी सोडून पूर्ण वेळ बसल्याशिवाय हे होणार नाही असं वाटतं. आई म्हणते, जे खरं आहे ते लिही, हे परीकथेचं खूळ सोड.’

पत्र वाचताना पहिल्यांदा नजर गेली ती तुमच्या नोकरीवर. तिचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलाय आणि पुढे ‘रटाळ’ असा शेरा मारलाय. त्या शेऱ्याकडे नंतर येऊ. आधी तुमची दोन विधानं तपासू, कारण बाकीची सगळी घालमेल त्यांच्यावर उभी आहे.

‘मराठीत फँटसीची परंपरा नाही’ हे पहिलं. खरं तर मराठी कादंबरी चालायला शिकली तीच अद्भुताचं बोट धरून. हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. अरबी कथांचं कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेलं भाषांतरही त्याच सुमाराचं. ‘सुरस आणि चमत्कारिक’ हे शब्द आपण आजही जोडीनं उच्चारतो ते त्यामुळे. पुढची दोनेक दशकं राजपुत्र, अरण्यं, अपहरणं आणि योगायोग यांचीच चलती होती. 1885 पासून हरिभाऊ आपटे लिहायला लागले, वास्तवाला मान मिळाला आणि अद्भुताला मुलांच्या खोलीत पाठवण्यात आलं. तरी ते अधूनमधून मोठ्यांच्या दिवाणखान्यात येत राहिलं. जी. ए. कुलकर्ण्यांची ‘इस्किलार’ ही दीर्घकथा ‘रमलखुणा’त (1975) आहे, ती अजून वाचली नसेल तर या आठवड्यात वाचा. नकाशा नाही, परिशिष्ट नाही, वंशावळ नाही, आणि तरीही ते जग खोटं वाटत नाही. का वाटत नाही, ते वाचताना पेन्सिलीनं समासात लिहीत जा.

आता हे सगळं वाचून काढल्याशिवाय लिहायचं नाही असं मात्र ठरवू नका. तीन वर्षं नकाशात गेली, पुढची तीन ‘परंपरेचा अभ्यास’ करण्यात जातील. एकोणिसाव्या शतकातल्या त्या कादंबऱ्या आज वाचायला जड जातात, हेही सांगून ठेवतो.

दुसरं विधान असं, की प्रेरणा म्हणजे आधीच्या फँटसी कादंबऱ्या. हे जास्त घातक आहे. अमेरिकन फँटसी लेखिका अर्सुला ले ग्विनचं उदाहरण घेऊ, कारण तिनेही सुरुवात नकाशापासूनच केली होती. जन्म 1929, कॅलिफोर्नियातलं बर्कली. वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या आदिवासी भाषा आणि चालीरीती नोंदवणारे. आई थिओडोरा, तिने ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीच्या शेवटच्या माणसावर 1961 मध्ये पुस्तक लिहिलं. हा माणूस ‘इशी’ म्हणून ओळखला जाई, आणि त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणूस’. स्वतःचं खरं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. ले ग्विनच्या ‘अर्थसी’ या कादंबरीमालेत जादू चालते ती वस्तूच्या खऱ्या नावावर, आणि माणसं आपलं खरं नाव जिवापाड लपवतात. या दोन गोष्टींत सरळ दोरी बांधायचा मोह मी टाळतो, पण ज्या घरात दुसऱ्यांच्या चालीरीती हा जेवणाच्या टेबलावरचा विषय होता, त्या घरातली मुलगी नुसत्या राजपुत्रांवर समाधान मानणार नाही एवढं कळतं. वडिलांकडे ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाची प्रत होती, आणि अर्थसीतला समतोलाचा विचार तिथून आला. म्हणजे तिच्या फँटसीचं खतपाणी बरंचसं फँटसीबाहेरचं आहे.

तिचा लेखनाचा प्रवासही बघा. 11 व्या वर्षी मासिकाला पाठवलेली पहिली कथा परत आली. मग कित्येक वर्षं लिहिलं ते नाकारलंच गेलं. पोर्टलंडमध्ये तीन मुलं वाढवताना ती रात्री, मुलं झोपली की लिहायची. 1964 मध्ये बेटांच्या एका जगात घडणाऱ्या दोन लघुकथा छापून आल्या. 1967 मध्ये बर्कलीतल्या एका छोट्या प्रकाशकाने किशोरांसाठी पुस्तक मागितलं. जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचा म्हातारा का असतो, तरुणपणी तो काय करत होता, कुठे शिकत होता, असा साधा प्रश्न तिला पडला. मग तिने मोठ्या कागदावर बेटं काढली, त्यांना नावं दिली आणि लिहायला बसली. 1968 मध्ये ‘अर्थसी’चं पहिलं पुस्तक आलं.

नकाशा काढला याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही ते यासाठीच. फरक इतकाच की तिच्या बेटांवरून ताबडतोब एक मुलगा बोट घेऊन निघाला. तुमच्या 14 शीटांवर तीन वर्षांत कुणी चाललेलं नाही.

आणि त्या शीटांवर आहे काय? तुम्हीच लिहिलंय: उत्तरेला बर्फाचं राज्य, ओकची जंगलं, सराया आणि त्यांत फेसाळती बिअर. बर्फ न पाहिलेल्या माणसाने बर्फावर लिहू नये असा नियम नाही. पण पायाखाली बर्फ कसा वाजतो, चूल कशी पेटते, बाळाला काय पांघरतात, हे प्रत्येक वाक्याला तुम्हाला दुसऱ्याच्या पुस्तकातून उसनं आणावं लागणार. पहिलं प्रकरण 11 वेळा लिहूनही ‘ओळखीचं पण बेजान’ वाटतं अशी तुमची तक्रार आहे, तिचं मूळ मला इथे दिसतं. यावर बरेच जण एक उपाय करतात: एल्फचा यक्ष करतात, ऑर्कचा राक्षस, ड्रॅगनला व्याळ म्हणतात. हे नुसतं वेशांतर झालं. आतली हाडं तीच राहतात.

आता तुमच्या त्या रटाळ नोकरीकडे येऊ. जादूच्या राज्यात हद्दी कशा ठरतात हे तुमच्या 22 नियमांत कुठेच नाही, आणि तुम्ही तर रोज हद्द कायम करायला जाता! एका बांधावरून दोन सख्खे भाऊ वीस वर्षं बोलत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. रात्रीत हद्दीची खूण सरकते आणि सकाळी सगळे निरागस चेहऱ्याने उभे असतात. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, 33 गुणिले 33 म्हणजे 1,089 चौरस फुटांचा एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर: एका सत्तेने साखळी ओढत अख्खा मुलूख कागदावर आणला, त्याची ही मापं. 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यात ब्रिटिशांनी पाहणीची जी पद्धत बसवायला सुरुवात केली, तिची नातवंडं-पतवंडं तुमच्या अभिलेख कक्षात टिपणं आणि गुणाकार बुकं या जुन्या मोजणी-नोंदींच्या रूपात पडून आहेत. जगाचं ‘वर्ल्ड-बिल्डिंग’ म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

अद्भुतही तिथेच आहे. गधेगाळ पाहिलीत का? वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचं ते शिल्प. दान दिलेली जमीन जो कोणी बळकावेल त्याला दिलेली ही दगडातली शिवी, आणि चंद्र-सूर्य आहेत तोवर ती लागू. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 म्हणजे 1012 सालचा लेख अशाच दगडावर आहे, आणि मराठीच्या आद्य लेखांत तो गणला जातो. आपल्या भाषेच्या अगदी उंबरठ्यावर दान राखण्यासाठी दिलेला शाप उभा आहे, आणि तुम्ही भूकरमापक असून प्रेरणा कुठून आणू म्हणून विचारताय. कोकणात गावाच्या सीमेवर राखणदार असतो, त्याला वर्षाचा मान द्यावा लागतो. किल्ल्यांच्या दरवाजांवर पंज्यात हत्ती धरलेला शरभ असतो. यातलं सगळं घ्या असं म्हणत नाही. एकच घ्या, आणि त्याला प्रश्न विचारा: शाप खरोखर लागू होत असेल, तर त्याची नोंद कोण ठेवतं? शाप वारसाहक्काने जातो का? जमीन विकली तर शापाचा फेरफार होतो का? तो होऊ नये म्हणून तलाठ्याला कोण काय देतं? जादूची किंमत कोण मोजतं हे कळलं, की 22 पैकी वीस नियम आपोआप गळून पडतील.

एक सावधगिरी. कार्यालयात आलेल्या खऱ्या प्रकरणांतली नावं, गट क्रमांक, ओळखू येतील असे तपशील कथेत आणू नका. सरकारी नोकरीत आहात, तेव्हा काही छापायला देण्याआधी वर्तणुकीच्या नियमांत काय बसतं ते आस्थापना शाखेत विचारून घ्या.

इंग्रजीत लिहू का, हा तुमचा प्रश्न. तुमच्या पात्रांची भांडणं डोक्यात कोणत्या भाषेत होतात? इंग्रजीत होत असतील तर इंग्रजीत लिहा, त्यात पाप नाही. पण पत्रावरून तरी तसं वाटत नाही. तुम्ही म्हणता की मराठीत लिहिलं की ते ‘पौराणिक मालिकेसारखं’ होतं. हा भाषेचा दोष नाही, तुम्ही निवडलेल्या पोशाखाचा आहे. ‘आज्ञा असावी महाराज’ हा सूर आपल्याला आयता मिळतो आणि फार लवकर बेचव होतो. दुसऱ्या टोकाला ‘यार, हा ड्रॅगन भारीच आहे’ असाही सूर आहे. ले ग्विनने 1973 मध्ये फँटसीच्या भाषेवर एक निबंध लिहिला. त्यात तिने एका कादंबरीतला संवाद घेऊन मोजके शब्द बदलले, आणि तो वॉशिंग्टनच्या राजकारण्यांच्या तोंडी चपखल बसला. तिचा मुद्दा असा की इतक्या सहज हलतो तो संवाद त्या जगातला नव्हताच. तुमचं पान तसं तपासा: राजा-प्रधान काढून सभापती-उपसभापती घातले तर काही बिघडतं का?

मराठीत काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात, त्या इंग्रजी वाचून लक्षात येत नाहीत. प्रत्येक नव्या प्राण्याचं, वस्तूचं, शक्तीचं लिंग ठरवा. वेताळ तो, हडळ ती, भूत ते. तुमचा ‘मॉर्व्हिन’ नावाचा प्राणी पहिल्या प्रकरणात तो आहे आणि दुसऱ्यात ते झालाय. नपुंसकलिंग ही आपल्याकडची चैन आहे, भयासाठी वापरा. ‘ते आलं’ यात जी धास्ती आहे ती ‘तो आला’मध्ये नाही.

मग नावं. गावाचं नाव ठेवलं की त्याला विभक्ती लावून मोठ्याने वाचा. पुणे पुण्याला जातं, सातारा साताऱ्याहून येतो, सांगली सांगलीतच राहते. तुमचं ‘थ्राल्गोर्थ’ घ्या: थ्राल्गोर्थातल्या, थ्राल्गोर्थाहून, थ्राल्गोर्थकरांना. जीभ तिसऱ्या शब्दाला अडखळली ना? तीनशे पानांत ते नाव हजारदा येणार आहे. आणि प्रत्येक दोन पात्रांमध्ये अरे-तुरे, अहो-जाहो की आपण, हे एका कागदावर मांडून ठेवा. निवेदकही त्यात येतो: म्हातारी चेटकीण ‘म्हणाली’ की ‘म्हणाल्या’, यावर वाचकाचं तिच्याशी नातं ठरतं. कथेच्या मध्यावर एखादं पात्र अहोवरून अरेवर आलं तर तो प्रसंगच होतो. इंग्रजीत ही सोय नाही.

नोकरी सोडण्याबद्दल स्पष्ट सांगतो: सोडू नका. हिशेब करा. समजा हजार प्रतींची आवृत्ती निघाली, किंमत 400 रुपये, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर 40,000 रुपये, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. इंग्रज फँटसी लेखक टेरी प्रॅचेट तिकडच्या वीज मंडळाच्या प्रसिद्धी विभागात नोकरी करत रात्री 400 शब्द लिहायचा आणि 1987 पर्यंत त्याने ती नोकरी सोडली नाही. अमेरिकन फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन हॉटेलात रात्रपाळी करताना लिहायचा. 2005 मध्ये छापली गेली ती त्याची लिहून झालेली सहावी कादंबरी होती, आणि तोवर डझनभर लिहून झाल्या होत्या.

400 शब्द म्हणजे हाताने लिहिलेली दीड पानं. आठवड्यातून पाच दिवस धरले तर 2,000, आणि 40 आठवड्यांत 80,000. ही सव्वातीनशे छापील पानांच्या आसपासची कादंबरी झाली. मोजणीचे दौरे, आजारपण, लग्नसराई धरून वर्ष-सव्वा वर्ष म्हणा. नोकरी सोडून बसलेला माणूसही यापेक्षा फार वेगाने लिहितो असं नाही, तो फक्त जास्त घाबरतो.

पण लगेच कादंबरीला हात घालू नका. त्याच जगातली 3,000 ते 4,000 शब्दांची एक कथा लिहा. दिवाळी अंकांचं साहित्य साधारण मे ते जुलैमध्ये मागवलं जातं, त्या बेताने. कथेत जग किती टिकतं हे थोड्या खर्चात कळतं. ले ग्विनच्या 1964 च्या दोन कथांनी तेच काम केलं. प्रसंग असा घ्या: एक मोजणीदार बाई एका गावात हद्द कायम करायला येते. दगड काल होता तिथे आज नाही. गावकरी म्हणतात, आम्ही हात लावला नाही. आणि या खेपेला ते खरं बोलताहेत.

हे लिहिताना तुमची गाडी कुठे अडेल तेही सांगतो. गावचं नाव सुचणार नाही, नदी कोणत्या अंगाला ते आठवणार नाही, आणि हात आपसूक नकाशाकडे जाईल. जाऊ देऊ नका. ‘अमुक गाव’, ‘तमुक नदी’ असं लिहून पुढे चला. नंतर फाइलमध्ये ‘अमुक’ शोधलं की सगळ्या जागा सापडतात. मागच्या पानावर परतायचं नाही, कथा संपेपर्यंत आणि पुढे कादंबरीत किमान 40,000 शब्द होईपर्यंत. मध्येच काही बदललं, म्हणजे भाऊ मेलेला हवा होता आणि तुम्ही जिवंत ठेवलात, तर कंसात एक ओळ टाकून तो मेलेलाच आहे असं धरून पुढे लिहा. बाराव्यांदा पहिलं प्रकरण लिहिण्यापेक्षा हे बरं.

इतिहासाचं ओझं हा दुसरा खड्डा. पहिल्या पाच पानांत 1,200 वर्षं सांगायचा मोह होतोच, कारण कष्ट केलेले असतात. तुम्हाला समजेल असा नियम देतो: आधी व्यवहार, मग फेरफार. कथेत एखाद्या पात्राला जी गोष्ट प्रत्यक्ष आडवी आली, तिचीच नोंद वहीत करायची. ज्या राजघराण्याशी कुणाचं काही अडलं नाही, ते घराणं नोंदीला पात्र नाही. अंतरंही अशीच. नकाशावर दोन शहरं बोटभर अंतरावर असली, तरी बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच जाते, वाटेत मुक्काम पडतो, आणि मुक्कामाला कुणीतरी भेटतं. निम्मी कथा तिथे असते. तुमची पात्रं मात्र ओळीच्या शेवटी निघतात आणि पुढच्या ओळीत पोहोचतात.

टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमध्ये केलेलं लेखन पुढे रूपांतर करताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, आणि तीनशे पानं हाताने दुरुस्त करणं हा वेगळाच शाप आहे. लेखनाच्या कार्यशाळेबद्दल विचारलंय: परवडत असेल तर जा, पण हातात संपलेली कथा असल्याशिवाय नको.

कथा झाली की तिघांना द्या. त्यातला एक तरी फँटसी न वाचणारा हवा. ‘कशी वाटली?’ हे विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतील. वाचताना कुठे थांबलात, कोणतं नाव मागे जाऊन पुन्हा पाहावं लागलं, कोणतं पान चाळून पुढे गेलात, एवढंच विचारा. एकाच जागी दोघं अडखळले तर ती जागा बदला. एकटाच अडखळला तर खूण करून ठेवा.

या रविवारी 14 शीटांची गुंडाळी करून कपाटावर टाका. फाडू नका, एखादा घाट ओलांडायची वेळ आली की लागेल. मग त्या सरकलेल्या दगडाचा प्रसंग लिहा, तीन बैठकांत होईल. आणि फँटसी न वाचणारा तो वाचक म्हणून आईंनाच निवडा. बांधावरची भांडणं त्यांनी पाहिली असतील, त्यामुळे गावकऱ्यांचं बोलणं कुठे खोटं वाटतं ते त्या बरोबर सांगतील. आणि ‘पण मग तो दगड हलवला कुणी?’ असं त्यांनी विचारलं, तर वहीतल्या पुढच्या पानावर तोच प्रश्न लिहून घ्या आणि तिथून पुढे चला.